ट्रे उचलला, आता खाली काय?

प्रश्न : ताई, आमचं घर डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर, इमारत २००४ सालची. २०११मध्ये बाथरूमच्या कोपऱ्यात तीन बाय तीनचा ॲक्रिलिकचा शॉवर ट्रे बसवून भोवती काचा लावून घेतल्या. वर्षभर त्यात उभं राहिलं की पायाखाली कुरकुर व्हायची. आता जाळीजवळ बोटभर चीर गेली आहे आणि खालच्या काकांच्या छताला पिवळा डाग धरलाय. परवा प्लंबरने ट्रे उचलला तर खाली काळी ओली रेती, विटांचे तुकडे आणि थर्माकोल! तो म्हणतो, नवी रेती टाकून नवा ट्रे ठेवतो, दोन तासांचं काम. फोटो सोबत पाठवते आहे. खरंच दोन तासांत होईल? घरात सासूबाई आहेत, वय ७८, तेवढं लक्षात घेऊन सांगा.
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : होईल ना. दोन तासांतच होईल, आणि दोन-चार वर्षांनी तुम्ही मला हाच फोटो पुन्हा पाठवाल.

फोटो मी मोबाइलवर मोठा करून पाहिला. जाळीच्या अलीकडे रेतीत दोन खळगे आहेत, दिसले का? पावलांच्या मापाचे. तुम्ही सगळे रोज जिथे उभे राहता तिथलीच रेती दबून बाजूला सरकलीय. वर ट्रे, खाली पोकळी. ॲक्रिलिकचा पत्रा काही मिलिमीटरचाच, मागून फायबरचा थर दिलेला. पाय ठेवला की तो खाली जातो, उचलला की वर येतो. ती तुमची कुरकुर. जाळीसाठी भोक पाडलेलं असतं तिथे तो सगळ्यांत नाजूक, म्हणून चीर तिथेच गेली. त्याच हालचालीने जाळीखालचा वॉशरही ढिला होतो आणि चीर दिसायच्या कितीतरी आधी पाणी रेतीत उतरायला लागतं.

म्हणजे ट्रे खराब नव्हता. त्याच्याखाली जमीनच नव्हती.

तरी काकांचा डाग ट्रेमुळेच पडला असं लगेच धरून चालू नका. ट्रे निघालाच आहे तर घाई न करता आधी तपासून घ्या. चार दिवस ही बाथरूम वापरू नका, पण पाण्याचा मुख्य कॉक चालूच ठेवा. तरीही डाग ओलाच राहिला, वाढला, तर भिंतीतली नळाची लाइन झिरपतेय. ते दुखणं वेगळं. डाग सुकू लागला तर पाचव्या दिवशी पाइपच्या तुकड्याने थेट नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखाली वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाडग्याच्या, तोंडात चार-पाच बादल्या पाणी सोडा, लादीवर थेंब सांडू न देता. काकांकडे पुन्हा ओल आली तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा गेलाय. नाही आली, तर दोष वरच्या जमिनीचा. हे करायला एक पैसा लागत नाही, पण करत कोणी नाही, कारण बाथरूम चार दिवस बंद ठेवायची कोणाची तयारी नसते.

आता खोदकाम. रेती, थर्माकोल, सुटे तुकडे सगळं भरून बाहेर काढा. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने उरलेला कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, वाजवून बघा. टणटण वाजला तर बरा. बद्द आवाज आला तिथे तो खालून सुटलाय. प्लंबर म्हणेल, 'चालतंय वहिनी, वरून कोटिंग मारू.' त्याला म्हणावं, आधी एक खड्डा कर. ट्रॅपपासून लांबच्या कोपऱ्यात फूटभर बाय फूटभर, थेट स्लॅब लागेपर्यंत. बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो, तुमच्या काळातल्या इमारतींत बहुधा आठ-नऊ इंच, आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला. ही एक टाकीच झाली म्हणा. वरून वर्षानुवर्षं पाणी मुरलं तर ते जाणार कुठे? खड्डा प्लास्टिकने झाकून ठेवा आणि सकाळी बघा. तळाशी पाणी जमलं असेल तर वरून कुठलंही महाग कोटिंग मारा, खालची टाकी भरलेलीच राहणार. मग सगळा कोबा काढायचा, अर्धवट नाही.

वाईट बातमी देते, पण हिशेब आधीच कळलेला बरा. चार बाय सहाची बाथरूम आणि नऊ इंच खोली म्हणजे १८ घनफूट. ओला कोबा, जवळजवळ टनभर माल. पंचवीस-तीस किलोच्या गोण्या धरल्या तर तीस-चाळीस गोण्या चौथ्या मजल्यावरून खाली न्यायच्या. सोसायटीची परवानगी, लिफ्ट वापरू देतात का, राबिट किती दिवस खाली ठेवता येईल, हे पहिली गोणी भरायच्या आधी विचारून घ्या. आणि खर्चाचं म्हणाल, तर राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सदस्याचा. काकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. उलट त्यांना आताच सांगून ठेवा, कारण चाचणीच्या वेळी त्यांच्याच छताकडे बघायचंय.

स्लॅब उघडा झाला की तारेच्या ब्रशने घासा, धुवा, आणि ट्रॅपचा पाइप जिथे स्लॅबमधून वा भिंतीतून जातो तिथे डोळे फाडून बघा. दहांतल्या आठ गळत्या मला तिथेच सापडल्यात. पाइपभोवती गवंड्याने कधीतरी चिंधी आणि सिमेंट कोंबलेलं असतं. ते उकरून काढायचं आणि न आकसणारं ग्राउट भरायचं. जमीन आणि भिंत मिळतात त्या काटकोनात सिमेंटचा गोलसर वाटा मारून घ्यायचा. काटकोनात कोटिंग पहिल्यांदा फाटतं. मग सिमेंटमध्ये कालवायचं पॉलिमरचं कोटिंग, दोन हात. पहिला उभा, दुसरा आडवा. स्लॅब ओलसर हवा, पण वर पाणी साचलेलं नको. भिंतीवर एरवी फूटभर पुरतं, शॉवरच्या कोपऱ्यात मात्र सहा फुटांपर्यंत न्या.

डब्यावर लिहिलेले दिवस थांबा. मग ट्रॅपच्या तोंडात बूच मारून दोन-तीन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखून ठेवा, तारीख-वेळेसकट. खाली काकांकडे सकाळ-संध्याकाळ चक्कर. गवंडी म्हणेल, चोवीस तास बास. ४८ म्हणजे ४८.

ही चाचणी पार पडली की परत भराव. हल्ली सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट-ब्लॉकचे, तुकडे भरतात, वजन कमी म्हणून. मला ते आवडत नाहीत. वजन कमी असतं हे खरं, पण एकदा भिजले की सुकायचं नाव घेत नाहीत. भाजलेल्या विटांचे रोडे, आधी पाण्यात भिजवलेले, मध्ये सिमेंटचा माल, आणि वर पुन्हा सिमेंटचा थर व पुन्हा कोटिंग. सात दिवस पाणी मारायचं. जमत असेल तर तळाशी एक इंची पाइप डक्टमध्ये काढून ठेवा. कधी पाणी मुरलंच तर ते काकांच्या छताऐवजी डक्टमध्ये ठिबकेल आणि तुम्हाला आधी कळेल.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, आणि इथेच चांगले चांगले गवंडी चुकतात. लादी लावायच्या जमिनीला उतार लागतो, ट्रॅपकडे. आपल्या गवंड्यांच्या हाताला ती सवय इतकी की बाथरूम म्हटलं की थापी आपोआप उतार काढते. पण ट्रेला उतार आतूनच दिलेला असतो, कारखान्यात. त्याच्याखालची जमीन पाणसळीत हवी, एकदम सपाट. तुम्ही खाली उतार दिलात तर ट्रे त्या बाजूला झुकतो, एका कोपऱ्यात पाणी साचून शेवाळ धरतं, नाहीतर काचेच्या दाराखालून बाहेर येतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरक्यांवर पाणसळ (लेव्हल) ठेवून बघा. एक सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक मी सोडून देते, दोन सूत नाही.

ट्रे आधी कोरडा ठेवून बघायचा. जाळी पाइपच्या तोंडावर येते का, कोपऱ्यातल्या दोन्ही भिंतींना नीट लागतो का. मग जाळी आणि पाइपचा सांधा जोडून, ट्रे तात्पुरता विटांवर टेकवून, दोन बादल्या ओता आणि खाली टॉर्च मारून बघा. सांध्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला तर एक थेंबही लपत नाही. ट्रे बसल्यावर तो सांधा हाताला लागणार नाही, म्हणून हे आत्ताच. शक्य असेल तर बाजूच्या एका लादीला सिलिकॉनवर बसवा, म्हणजे पुढे न फोडता काढता येईल.

बैठक मात्र मालाची. एक भाग सिमेंट, चार भाग रेती, पाणी इतकंच की मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे आणि हात ओला होता कामा नये. थर साधारण इंचभर, खाली एक जाड प्लास्टिक. जाळीभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. ट्रे ठेवून हाताने चहूकडून दाबत जा, मध्ये मध्ये पाणसळ बघत. चोवीस तास त्यात कोणी पाय ठेवायचा नाही, लहान मूल असेल तर दाराला कडीच घाला. काही ट्रे पायांवरचे येतात, फिरवून उंची जुळवायचे. तसा घेतलात तर ज्या चार-पाच जागी पाय टेकतात तिथली जमीन भक्कम हवी, आणि बनवणाऱ्याच्या कागदावर माल घालू नका असं असेल तर घालू नका. नाहीतर वॉरंटीला मुकाल.

फोमचं कोणी सांगितलं तर माझी फजिती ऐका. आम्ही दोघं नवरा-बायको कल्याणला लाद्यांची कामं घ्यायचो. मुलुंडच्या एका घरी घाई होती, मी शहाणपणा केला: माल कशाला, डब्यातला फुगणारा फोम मारू. रात्री ट्रे पाणसळीत होता, मी स्वतः बघून निघाले. सकाळी जाऊन बघते तर मधोमध तीन सूत वर आलेला, तेलातल्या पुरीसारखा. फोम रात्रभर फुगत राहिला होता. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी चारी कडांना पळत होतं. घरमालकीणबाईंनी चहा दिला, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या चहाचा घोट अजून घशात अडकतो. ट्रे आमच्या पैशांनी बदलून दिला.

आणखी एक. नव्या ट्रेबरोबर त्याचा स्वतःचा ट्रॅप येतो. तो जोडून त्याचं पाणी पुन्हा नहाणी ट्रॅपमध्ये सोडलं तर दोन पाण्याचे बंद एकामागे एक होतात, मध्ये हवा अडकते, गुडगुड आवाज येतो आणि पाणी हळूहळू उतरतं. दोन्हींपैकी एकच ठेवा.

सासूबाईंचं मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ट्रॅपची उंची आणि ट्रेची कड धरली तर पायरी पाच-सहा इंचांची होते, वरून ओली आणि गुळगुळीत. ७८ वर्षांच्या बाईने रोज ती चढायची-उतरायची? तुम्ही ट्रे बदलण्याबद्दल विचारलंत, पण जमीन स्लॅबपर्यंत उघडावी लागणारच असेल तर मी ट्रेच रद्द करीन. त्या कोपऱ्यात खडबडीत छोट्या लाद्या, मीटरला दीड सेंटीमीटर उतार, काचेखाली अर्ध्या इंचाचा दगडी उंबरा आणि कमरेच्या उंचीला भिंतीत पक्की रोवलेली दांडी. दांडीसाठी भिंतीत भोकं पाडायची ती कोटिंग मारायच्या आधीच पाडून घ्या, नाहीतर सहा फुटांपर्यंत नेलेल्या कोटिंगलाच भोक पडेल. बसायला प्लास्टिकचं स्टूल. त्यांना विचारा तरी. मला वाटतं, त्या लगेच हो म्हणतील.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर १९८०च्या दशकातलं, लाकडी बांधकाम. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा फायबरग्लासचा शॉवर बेस बदलायचाय. काढला तर खालचं प्लायवूड ड्रेनभोवती काळं पडलंय. आईने तुमचं सदर वाचून फोनवर सांगितलं, विटांचा कोबा करून घे. इथे ते चालेल?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा, आणि कोबा करू नका. वर हिशेब केलाय तो टनभर वजनाचा. तुमच्या लाकडी वाशांवर तो घालणं म्हणजे खालच्या दिवाणखान्याला निमंत्रण. माझ्या आजोळी माडीवर मोरी होती, तीही तुळयांवरची. आजी तिथे हातपाय धुण्यापलीकडे कोणाला पाणी वापरू द्यायची नाही. तिला कोणी इंजिनिअरिंग शिकवलं नव्हतं, पण लाकूड आणि ओल एकत्र नांदत नाहीत हे तिला ठाऊक होतं.

तिकडचं काम मी माझ्या मुलीच्या घरी सहा महिने राहिले तेव्हा शेजारी उभी राहून पाहिलंय. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि काळ्या भागात खुपसून बघा. पिकल्या चिकूत सुरी जावी तसा आत गेला तर तो भाग कुजलाय. नुसता डाग असेल आणि टोक अडकत असेल तर लाकूड जिवंत आहे, फक्त पूर्ण सुकू द्या. कुजलेलं प्लायवूड गोल भोक पाडून काढू नका. चौकोनी कापा, दोन्ही बाजूंना वाशाच्या मधोमधपर्यंत, म्हणजे नव्या तुकड्याला टेकायला जागा मिळते. तिकडे वासे बहुधा १६ इंचांवर असतात. उरलेल्या दोन कडांखाली लाकडाचे आडवे तुकडे स्क्रूने बसवा. नवं प्लायवूड जुन्याच जाडीचं हवं, बहुतेक पाऊण इंच. नाहीतर बेसखाली तुम्ही स्वतःच पायरी तयार कराल.

वासाच कुजला असेल तर त्याच्या अंगाला नवा वासा बोल्ट आणि गोंदाने जोडतात. ते घरच्या घरी करू नका. टाउनशिपची परवानगी लागते का, ते काम उघडं असतानाच विचारा. भिंत बंद झाल्यावर निरीक्षक पुन्हा उघडायला लावू शकतो.

पाणसळीचं सूत्र तेच. जमीन सपाट, उतार बेसमध्ये. थोडा फरक असेल तर स्वतःच पसरून सपाट होणारं सिमेंट मिळतं, पण त्याआधी प्रायमर लावायचा आणि ड्रेनचं भोक व प्लायवूडमधल्या फटी बंद करायच्या. ते पाण्यासारखं पातळ असतं. जावईबापूंनी एक फट सोडली आणि रात्री खाली टीव्हीच्या मागे करडा थेंब जमायला लागला. बेसखाली पातळ मालाची बैठक चालते, प्लास्टिकवर, बनवणाऱ्याच्या कागदात लिहिल्याप्रमाणे. आणि तिथे पूर्वी बाथटब होता का? असेल तर ड्रेनचा पाइप दीड इंची असण्याची शक्यता आहे. शॉवरला दोन इंची लागतो. जमीन उघडी आहे तोवरच बदलून घ्या.

प्रश्न : जुन्या लाद्या न फोडता त्यांच्यावरच शॉवर ट्रे बसवला तर?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बसवता येतो, तीन गोष्टी जुळल्या तर. खाली गळती नसली पाहिजे. एकही लादी वाजवल्यावर बद्द बोलता कामा नये. आणि लाद्यांचा उतार मालाच्या बैठकीत भरून काढता आला पाहिजे. जुन्या गुळगुळीत लादीला माल चिकटत नाही, म्हणून आधी तिला छिन्नीने टाचे मारून घ्या. तुमच्याकडे पाऊस संपायच्या आत जमिनीची ओल ओळखणं कठीण. आत्ता संध्याकाळी लादीवर हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून ठेवा आणि दोन दिवसांनी उचलून खालची बाजू बघा. दव धरलं असेल तर थांबा, ट्रे दिवाळीनंतर आणा.